पित्ताशय न दाखवता पित्ताशयाचं ऑपरेशन शिकवणारा सिम्युलेटर

सर्जरीसाठी व्हीआर (व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटी) सिम्युलेशन बनवायचं ठरलं की पहिली मीटिंग ग्राफिक्सवरच अडकते. लिव्हर किती ओलं दिसावं, रक्त कसं वाहावं, हेडसेट कुठला घ्यायचा, हाताला स्पर्श जाणवेल असं काही लावायचं का. अर्धं बजेट तिथेच जातं आणि हे वापरून शिकणारा नक्की कुठली चूक करायची थांबणार आहे हा प्रश्न कुणीतरी अगदी शेवटी, सगळं बनून झाल्यावर विचारतो. म्हणून एक जुनी केस इथे नीट उलगडून लिहितोय. तिच्यात लिव्हर नव्हतं, रक्त नव्हतं, हेडसेटसुद्धा नव्हता, आणि तरी व्हीआरवर शिकलेलं खऱ्या पेशंटच्या ऑपरेशनमधे उतरतं का हे रँडमाइज्ड ट्रायल करून तपासणाऱ्या सगळ्यात आधीच्या अभ्यासांमधे तिचं नाव घेतात. सिम्युलेटरचं नाव मिस्ट-व्हीआर, ट्रायल अमेरिकेतल्या येल युनिव्हर्सिटीची, छापून आली २००२ साली.

आधी मुळात अडचण काय होती ते बघू. दुर्बिणीतून पित्ताशय काढण्याचं ऑपरेशन, म्हणजे आपल्याकडचे सर्जन ज्याला लॅप कोली म्हणतात ते, जर्मनीत एरिक म्यूहे यांनी १९८५ मधे केलं आणि १९८७ मधे फ्रान्समधे फिलिप मूरे यांनी केल्यावर ते खरं पसरायला लागलं. भारतात डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी १९९० मधे मुंबईच्या जेजे हॉस्पिटलमधे पहिलं केलं, म्हणजे आपण काही फार मागे नव्हतो. पेशंट दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी घरी जातोय म्हटल्यावर सगळीकडे मागणी वाढली आणि वीस-वीस वर्षं पोट उघडून ऑपरेशन करणारे सर्जन अचानक पुन्हा शिकाऊ झाले. कुणी वीकेंडच्या कोर्सला जाऊन आले, कुणी डुकरावर हात साफ केला आणि सोमवारी पेशंट घेतला.

याचा हिशोब लवकरच समोर आला. १९९१ मधे अमेरिकेतल्या सदर्न सर्जन्स क्लबने १५१८ लॅप कोलींचा आढावा न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमधे छापला. मुख्य पित्तनलिकेला इजा होण्याचं प्रमाण प्रत्येक सर्जन गटाच्या पहिल्या १३ पेशंटमधे २.२ टक्के, आणि त्यानंतरच्या पेशंटमधे ०.१ टक्के! म्हणजे शिकण्याची किंमत पहिले तेरा जण भरत होते. पित्तनलिका कापली गेली तर नंतर मोठं ऑपरेशन करून ती आतड्याला जोडावी लागते आणि काही पेशंट वर्षानुवर्षं त्रास काढतात, त्यामुळे २.२ हा आकडा दिसायला लहान असला तरी लहान नाहीये. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे परत लागणार आहे.

हे इतकं अवघड का जातं, हे ज्याने कधी एंडोट्रेनरच्या, म्हणजे लॅप हत्यारांच्या सरावासाठीच्या, डब्यात हात घालून हरभरे उचलायचा प्रयत्न केलाय त्याला सांगायला नको. हत्यार पोटाच्या भिंतीतल्या छोट्या भोकातून आत जातं, ते भोक टेकू होतं, त्यामुळे हात उजवीकडे नेला की टोक डावीकडे जातं आणि वर नेला की खाली. आत-बाहेर करणं आणि गोल फिरवणं मात्र नेहमीसारखंच राहतं, म्हणजे सगळं उलटं असतं तरी मेंदूने जमवून घेतलं असतं, इथे अर्धं उलटं आणि अर्धं सुलटं आहे. वर हत्यार जितकं आत तितकी टोकाची हालचाल मोठी. खोली कळत नाही कारण पडदा सपाट. बोटांना जाणवायचं ते लांब दांड्यात आणि पोर्टच्या (हत्यार आत नेणाऱ्या नळीच्या) घर्षणात बरंचसं हरवून जातं. आरशात बघून स्वतःच्याच मानेमागचे केस कापायला घेतल्यावर जी गत होते ती इथे लिव्हरच्या शेजारी होते.

आणि शिकवायची पद्धत तीच जुनी. एक बघ, एक कर, एक शिकव. रेसिडेंटने, म्हणजे शिकाऊ सर्जनने, महिनोन्महिने कॅमेरा धरायचा, सरांचा मूड चांगला असेल आणि केस सोपी असेल तर एखाद्या दिवशी हुक (करंटने जाळत सोडवायचं हत्यार) हातात मिळायचा. तेव्हा काय चुकलं आणि किती चुकलं हे कुठेच लिहिलं जायचं नाही, "हात चांगला आहे" किंवा "हात जड आहे" एवढाच काय तो रिपोर्ट.

गोळे आणि खोके

व्हीआरची कल्पना तेव्हा हवेत होतीच. अमेरिकन लष्करातले सर्जन रिचर्ड साटावा यांनी १९९३ मधे पोटाच्या आतल्या अवयवांचा एक व्हर्च्युअल सिम्युलेटर मांडला होता, अवयव अगदी कार्टूनसारखे दिसायचे. त्यावर सरळ उत्तर असं वाटतं की थांबा, कॉम्प्युटर वेगवान होऊ देत, अवयव खरे दिसायला लागले की मग बघू. इंग्लंडमधे मँचेस्टरचे सर्जन रॉरी मॅक्लॉय आणि व्हीआरवाले बॉब स्टोन यांच्या गटाने असं थांबायचं नाही ठरवलं. त्यांनी आधी लॅप कोलीचं टास्क अ‍ॅनॅलिसिस केलं, म्हणजे ऑपरेशन बघत बसायचं आणि सर्जनचे हात प्रत्यक्षात काय काय करतात ते तोडून तोडून लिहायचं. आणि लक्षात असं आलं की अवयव कुठलाही असो, हात फिरून फिरून त्याच थोड्याशा गोष्टी करतात. पकडणं, ठेवणं, एका हातातून दुसऱ्या हातात देणं, लांबट गोष्टीवर हात-हात बदलत पुढे सरकणं, हत्यार बाहेर काढून परत त्याच जागी नेणं, एका हाताने ताणून धरून दुसऱ्याने करंटने जाळणं.

मग त्यांनी फक्त तेवढंच बनवलं. मिस्ट-व्हीआरमधे सहा टास्क आहेत आणि सगळ्यात मिळून काय दिसतं तर गोळे, खोके आणि एक नळी. गोळा पकडून तारेच्या खोक्यात ठेवा. गोळा डाव्या हातातून उजव्या हातात घ्या. नळीवर दोन्ही हत्यारांनी आळीपाळीने पकडत पुढे जा. गोळ्यावर चिकटलेले छोटे ठोकळे पायाचं पेडल दाबून जाळा. सगळ्यात अवघड टास्कमधे गोळा एका हाताने खोक्याच्या आत स्थिर धरून ठेवायचा आणि त्याच वेळी दुसऱ्या हाताने ठोकळे जाळायचे. हार्डवेअर म्हणजे साधा पेंटियम पीसी, एक मॉनिटर, आणि चौकटीत बसवलेली लॅप हत्यारांची दोन हँडल, ज्यांची हालचाल सेन्सर मोजतात. हाताला उलटा दाब देणारं हॅप्टिक वगैरे काही नाही.

आता डिझाइन म्हणून बघा. मॉनिटर वापरला हे वाचून आजचा व्हीआरवाला नाक मुरडतो, "हे कसलं व्हीआर". पण लॅप सर्जन ओटीमधे (ऑपरेशन थिएटरमधे) काय बघत असतो? मॉनिटरच. त्याचं जग तेव्हाही सपाट पडद्यावरच होतं, त्यामुळे हेडसेट न घालणं हेच खऱ्याच्या जास्त जवळचं. हात कुठून आत जातात तो टेकू खरा, हँडल खरं, पडदा खरा. खोटं होतं ते फक्त पडद्यावरचं चित्र, आणि अर्धी उलटी-सुलटी हालचाल शिकायला चित्र खरं असण्याची गरजच नव्हती. उलट त्या काळच्या पीसीवर मऊ, ताणला जाणारा, फाटणारा अवयव दाखवायला गेले असते तर फ्रेमरेट कोसळला असता, हात आणि चित्र यांच्यात उशीर झाला असता, आणि नेमकं जे शिकवायचं तेच बिघडलं असतं. स्पर्शाचं थोडं वेगळं आहे. लॅपमधे स्पर्श कमी होतो पण शून्य होत नाही, पित्ताशय ताणून धरताना किती ओढलं की फाटेल हे हाताला थोडंफार कळतंच, आणि ते मिस्टवर शिकता यायचं नाही. हा तोटा त्यांनी स्वीकारला. माझ्या मते तेव्हा बरोबरच केलं.

येलमधे काय केलं

सर्जन नील सेमूर आणि सायकॉलॉजिस्ट अँथनी गॅलघर यांच्या गटाने पहिल्या ते चौथ्या वर्षाचे १६ सर्जरी रेसिडेंट घेतले (साटावाही या पेपरच्या लेखकांत आहेत). आधी सगळ्यांच्या हाताच्या कौशल्याच्या आणि अंतर-आकार ओळखण्याच्या चाचण्या झाल्या, दोन्ही गट साधारण सारखेच निघाले. मग चिठ्ठ्या टाकल्यासारखं आठ जण नेहमीचं ट्रेनिंग घेणारे आणि आठ जण नेहमीचं अधिक मिस्ट. त्यानंतर प्रत्येकाने सीनियर सर्जनबरोबर एक लॅप कोली केली, आणि सीनियरला माहीत नव्हतं की समोरचा कुठल्या गटातला आहे. पित्ताशय लिव्हरपासून सोडवण्याचा भाग व्हिडिओवर घेतला आणि दोन जणांनी वेगवेगळं बसून, कोण ऑपरेशन करतोय हे न कळता, त्याला मार्क दिले.

खरं काम या मार्कांच्या तक्त्यात आहे, आणि मी म्हणेन की सिम्युलेटर बनवणाऱ्याने पेपरमधला बाकी काही नाही वाचलं तरी चालेल पण हा तक्ता वाचावा. त्यांनी "चांगलं केलं का, पाचपैकी किती" असं काही विचारलंच नाही. आठ चुका ठरवल्या आणि प्रत्येक मिनिटाला ती चूक झाली की नाही एवढंच नोंदवलं. अख्खं मिनिट गेलं आणि डिसेक्शन (सोडवण्याचं काम) पुढे सरकलंच नाही, चूक. पित्ताशयाच्या भिंतीला भोक पडलं, मग पित्त बाहेर येवो न येवो, चूक. हत्यार लिव्हरमधे घुसलं, रक्त येवो न येवो, चूक. लिव्हर आणि पित्ताशय यांच्यामधला थर सोडून भलत्याच थरात शिरला, चूक. भलतीकडे कॉटरी (जाळणारा करंट) लावली, टिश्यू ओढून फाडला, हत्याराचं टोक पडद्याबाहेर गेलं, आणि शेवटची म्हणजे सीनियरने हातातून हत्यार काढून घेतलं.

अपवादसुद्धा लिहून ठेवलेत बघा. टोक पडद्याबाहेर गेलं पण कॅमेरावाल्याने अचानक कॅमेरा हलवल्यामुळे गेलं तर ती ऑपरेशन करणाऱ्याची चूक नाही. पित्ताशय शेवटी फंडसकडे (त्याच्या टोकाकडे) थोडंसं लटकत राहिलेलं असताना करंट आजूबाजूला जाणारच, तेवढं माफ. असे अपवाद ओटीत उभं राहिलेल्या माणसालाच सुचतात, कोडिंग करणाऱ्याला खुर्चीत बसून सुचत नाहीत. आणि इतकं नेमकं लिहिल्यामुळेच दोन वेगळ्या माणसांचे मार्क जुळले, दोघांमधला मेळ ०.८० च्या वर होता (सगळं जुळलं तर १). तुमच्या सिम्युलेटरचा स्कोअर दोन सर्जनना दाखवला आणि दोघांनी दोन वेगळी मतं दिली तर आधी व्याख्या परत लिहायला बसा, शेडर (ग्राफिक्सचा कोड) नंतर बघू.

दुसरी महत्त्वाची गोष्ट म्हणजे ट्रेनिंग कधी संपलं म्हणायचं. मिस्टच्या गटाला "दहा तास करा" असं सांगितलं नव्हतं. आधी अनुभवी लॅप सर्जनना त्याच मशीनवर बसवलं, त्यांचे स्कोअर घेतले आणि तीच पातळी ठरवली. रेसिडेंटने सगळ्यात अवघड टास्क अवघड लेव्हलवर करायचा, आणि सलग दोनदा, दोन्ही हातांनी, ती पातळी गाठली की सुट्टी. एकदा नशिबाने जमलं तर चालणार नाही. कुणाला कमी सेशन लागली कुणाला जास्त, पण ओटीत गेले तेव्हा सगळे निदान या एका बाबतीत सारख्या पातळीवर होते. हे ऐकायला साधं वाटतं, पण आजही बहुतेक ठिकाणी स्किल लॅबमधे किती तास बसलात याची सही घेतात, काय जमलं याची नाही. आणि यात एक गोम आहेच. ज्या सीनियरचे स्कोअर घेतले तोच जर त्या मशीनवर गोंधळला असेल तर पातळी खाली येते, त्यामुळे पातळी ठरवायला कोणाला बसवायचं हा डिझाइनचाच निर्णय आहे, आणि हॉस्पिटलच्या राजकारणात तो घेणं ग्राफिक्सपेक्षा अवघड जातं हे कुठल्याही मेडिकल कॉलेजात काम केलेल्याला सांगायला नको.

निकाल असा. मिस्टवर शिकलेल्यांनी डिसेक्शन २९ टक्के कमी वेळात केलं. न शिकलेल्यांमधे मधेच अडकून बसण्याची शक्यता नऊ पट, आणि पित्ताशयाला इजा किंवा भलतीकडे जाळण्याची पाच पट. सरासरी चुका एका ऑपरेशनमागे १.१९ विरुद्ध ७.३८. गोळे आणि खोके खेळून!

आता किंतु

१६ जण, एकच हॉस्पिटल, प्रत्येकाचं एकच ऑपरेशन, हे सगळ्यांना दिसतंच. शिवाय दुसऱ्या गटाला तेवढाच वेळ एंडोट्रेनरच्या डब्यावर बसवलं नव्हतं, त्यामुळे फायदा व्हीआरचा की नुसत्या सरावाचा हे यातून वेगळं काढता येत नाही. मला हा मुद्दा महत्त्वाचा वाटतो कारण पुढे कॅनडातल्या मॅकगिल युनिव्हर्सिटीच्या कामातून जी एफएलएस (दुर्बिणीच्या सर्जरीची मूलभूत कौशल्यं) परीक्षा निघाली तिचा हाताच्या कामाचा भाग साध्या डब्यातच होतो, पेग उचलणं, गॉज कापणं, टाके घालणं, आणि अमेरिकन बोर्ड ऑफ सर्जरीने ती सक्तीची केली. त्यात पिक्सेल एकही नाही पण चुकांच्या व्याख्या आहेत, वेळ आहे, पास-नापास आहे. जिल्ह्याच्या मेडिकल कॉलेजात पैसे मोजकेच असतील तर मी तरी आधी डबा, वेबकॅम आणि नीट लिहिलेला मार्कांचा तक्ता घेईन.

याच मिस्टवर स्वीडनमधे मेडिकल स्टुडंट्सना थोडा वेळ सराव देऊन मग डुकरावर अपेंडिक्सचं ऑपरेशन करायला लावलं तेव्हा काहीच फरक दिसला नव्हता, तोही पेपर २००२ चाच आहे. मशीन तेच. पण तिथे ठराविक वेळ बसवलं होतं, पातळी गाठायला लावली नव्हती, शिवाय शिकणारे अगदीच नवे. उलट पातळी गाठायला लावून केलेले पुढचे अभ्यास बऱ्यापैकी येलसारखेच निघाले, उदाहरणार्थ २००९ मधे ब्रिटिश मेडिकल जर्नलमधे आलेला डेन्मार्कचा, ज्यात गायनॅकच्या २४ रजिस्ट्रारना लॅपसिम नावाच्या सिम्युलेटरवर शिकवून फॅलोपियन ट्यूब काढायला लावली, शिकलेल्यांना साधारण १२ मिनिटं लागली आणि न शिकलेल्यांना २४.

पण माझा खरा किंतु वेगळा आहे. येलच्या ट्रायलमधे मोजला तो भाग म्हणजे पित्ताशय लिव्हरपासून सोडवणं. तो सुरू होतो तेव्हा सिस्टिक डक्ट (पित्ताशयाला मुख्य पित्तनलिकेशी जोडणारी नळी) आणि पित्ताशयाच्या आर्टरीला क्लिपा लावून कापून झालेलं असतं. आणि सुरुवातीला सांगितलेली ती २.२ टक्क्यांची पित्तनलिकेची इजा होते कधी? त्याच्या आधी, कॅलॉट ट्रँगलमधे, म्हणजे लिव्हर आणि या नळ्यांमधल्या त्रिकोणी जागेत, कुठली नळी कुठली हे ठरवताना. म्हणजे ज्या संकटामुळे सिम्युलेटरची गरज वाटायला लागली ते संकट या ट्रायलने तपासलंच नाही. यात त्यांची लबाडी नाही, रेसिडेंटच्या हातात अभ्यासासाठी तो भाग देणं धोक्याचं आणि १६ ऑपरेशनांत इतकी दुर्मिळ गोष्ट मोजताही येत नाही. पण वाचणारे घाईत असं म्हणून टाकतात की व्हीआरमुळे लॅप कोली सुरक्षित झाली, आणि ते या पेपरात नाहीये.

पुढच्याच वर्षी, २००३ मधे, लॉरेन्स वे आणि सहकाऱ्यांनी पित्तनलिकेच्या इजेच्या २५२ केसेस मानवी चुकांच्या मानसशास्त्राच्या अंगाने तपासल्या. ९७ टक्के केसेसमधे मूळ कारण निघालं डोळ्यांचा भ्रम, म्हणजे सर्जनला मुख्य पित्तनलिकाच सिस्टिक डक्ट वाटली. हाताचं कौशल्य कमी पडलं अशा केसेस फक्त ३ टक्के. हात उत्तम चालला होता, चुकीच्या नळीवर.

आणि इथे गोळे-खोके पूर्ण निरुपयोगी आहेत. इथे मात्र चित्र खरं लागतं, कारण चूकच चित्रात आहे. त्यामुळे "रिअ‍ॅलिझम हवा की नको" असं कुणी विचारलं की मी उलट विचारतो, चूक हातात होते की डोळ्यात? हाताची असेल तर हँडल, टेकू आणि फ्रेमरेट यावर खर्च करा. डोळ्याची असेल तर हँडलवर कमी आणि अ‍ॅनाटॉमीवर जास्त, आणि एकच सुंदर आदर्श पित्ताशय मॉडेल करून काही मिळणार नाही कारण आदर्श पित्ताशयात कुणी फसत नाही. आखूड सिस्टिक डक्ट हवी, मुख्य नलिकेला समांतर चिकटून जाणारी हवी, उजव्या बाजूची भलतीकडून येणारी हेपॅटिक डक्ट (लिव्हरमधून पित्त आणणारी नळी) हवी, सूज येऊन सगळं एकमेकांना चिकटलेलं हवं, चरबीने झाकलेलं हवं. शिवाय ओढण्याची दिशा चित्र बदलते हे इंजिनमधे असलंच पाहिजे, पित्ताशय नुसतं वर जोरात ओढलं की दोन्ही नळ्या एका रेषेत येतात आणि एकच नळी असल्यासारखं दिसतं, पित्ताशयाची मान बाजूला ओढली की मधला कोन उघडतो. भ्रम तयार होतो तो इथेच, तर सिम्युलेटरने तो आधी तयार करून दाखवला पाहिजे.

मोजायचं काय हेही तयार आहे. स्ट्रासबर्ग यांनी १९९५ मधे क्रिटिकल व्ह्यू ऑफ सेफ्टी मांडला, क्लिप लावण्याआधी तीन गोष्टी दिसल्याच पाहिजेत. ट्रँगलमधली चरबी आणि तंतू साफ झालेत, पित्ताशयाचा खालचा साधारण एक तृतीयांश भाग लिव्हरपासून सुटलाय, आणि पित्ताशयात जाणाऱ्या फक्त दोनच गोष्टी दिसतायत. तिन्ही हो किंवा नाही मधे लिहिता येतात, येलच्या त्या आठ चुकांसारख्याच, त्यामुळे स्कोअरिंग कोड करायला फार डोकं लागणार नाही. तिन्ही पूर्ण व्हायच्या आधी क्लिप लावली तर तिथेच नापास, पुढचं डिसेक्शन कितीही सफाईदार असो.

एक गोष्ट मात्र स्पेसिफिकेशन लिहितानाच टाकून घ्यावी, नंतर बसवता येत नाही. काही मॉडेलमधे हा व्ह्यू कितीही प्रयत्न केला तरी मिळू नये अशीच अ‍ॅनाटॉमी ठेवायची. अशा केसमधे खरा सर्जन थांबतो, सीनियरला हाक मारतो, कोलँजिओग्राम (पित्तनलिकांचा एक्स-रे) करतो, पित्ताशयाचा काही भाग ठेवून देतो किंवा पोट उघडतो. हे सगळे पर्याय ऑपरेशन चालू असताना कधीही निवडता आले पाहिजेत, एखाद्या सबमेनूत लपवलेले नकोत, घड्याळ चालू ठेवून घाई लावायची नाही, आणि त्या केसमधे ज्याने वेळेवर हत्यार खाली ठेवलं त्याला पूर्ण मार्क.